ओढलेला स्वर

भरत मगदूम सकाळी साडेआठला भाकरीचा घास तोंडात असतानाच खिळला. उजवा हात ताटापासून चार बोटं वर थांबला, डोळे उघडे राहिले आणि जबडा अर्धवट मिटलेला. तेजश्रीने आधी घास काढला. जिभेच्या मागे बोट घालून, सावकाश, न घाबरता. घाबरण्याचे दिवस मागे पडले होते. मग नवऱ्याच्या कानामागे बसवलेली बटणाएवढी चकती जागेवर आहे ना ते चाचपून तिने मोबाइलवर आकडा पाहिला.

तीन.

काल रात्रीपर्यंत तिथे दोन होता. या तीनची भीती तिला महिनाभर होती. अकरा मिनिटांनी भरतचा हात खाली आला. त्याने आवंढा गिळून पाहिला आणि घास पोटात गेला का, असं विचारलं. नाही, मी काढला, ती म्हणाली. मग दोघांनी कपभर चहा घेतला. चहा पिताना ती त्याच्या गळ्याकडेच बघत होती.

डॉक्टर या आजाराला चलनस्तंभ म्हणत. मिरजेतले लोक नुसतं 'खिळलाय' म्हणत. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. हात उचल, पाऊल टाक, गिळ, बोल, हे प्रत्येक काम सुरू करण्याचा हुकूम तिथून सुटतो आणि तो सुटायला हजारो पेशींनी एकाच क्षणी ठोका द्यावा लागतो. चलनस्तंभात हा ठोका विस्कटतो. माणूस शुद्धीत असतो, त्याला ऐकू येतं, दिसतं, डास चावलेला कळतो. फक्त कुठलीच गोष्ट सुरू करता येत नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी, २०३६च्या आसपास, असं लक्षात आलं होतं की कवटीच्या हाडातून सतत पोचणारा एखादा नाद या विस्कटलेल्या पेशींना पुन्हा एका ठोक्यावर आणतो. मात्र कुठलाही नाद चालत नाही. हजारो वाद्यांची रेकॉर्डिंगं ऐकवून, पडद्यावर मेंदूचा आलेख बघत, प्रत्येकाचा आपला नाद शोधावा लागतो. तासगावच्या एका बाईंना व्हायोलिनची जाड तार लागली. भरतला क्लॅरिनेट लागलं, तेही एकाच माणसाचं. पंपांच्या मोटारींचं रिवाइंडिंग करण्यात पंचवीस वर्षं घालवलेला, गाण्याचं फारसं वेड नसलेला हा माणूस, आणि त्याच्या पेशी मानत होत्या मालगावच्या एका लग्नाच्या बँडमधल्या वादकाची फुंकर. असं का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

ते रेकॉर्डिंग तेजश्रीनेच २०२१मध्ये केलं होतं. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि कोल्हापूरच्या एका स्टुडिओत वाद्यांचे नमुने गोळा करायची. संगीतकारांनी संगणकावर बसून कुठलंही वाद्य वाजवावं, म्हणून वादकाकडून एकेक स्वर वाजवून घ्यायचा आणि साठवायचा, असं ते काम. पेटीवरची प्रत्येक पट्टी, काळी असो की पांढरी, वेगळी घ्यावी, असं स्टुडिओचे मालक सांगत. पण मधल्या एक-दोन पट्ट्या सोडल्या तरी चालून जायचं. शेजारचा स्वर संगणकाने ओढून वर नेला की काम व्हायचं.

त्या दिवशी क्लॅरिनेटवाले सिद्राम ऐवळे पांढरी पाचपर्यंत पोचले होते. अजून वरचं सगळं वाजवायला ते तयार होते. तेजश्रीला गावी जायची गाडी गाठायची होती. एवढं पुरे, वरचं आम्ही ओढून घेऊ, असं तिने त्यांना सांगितलं आणि ते मान हलवून वाद्य पुसायला लागले होते.

स्वर एक पट्टी ओढला तर कुणाला कळत नाही. दोन पट्ट्या ओढल्या तर तयार कानाला शंका येते. तिसऱ्या पट्टीला मात्र वाद्यच बदलतं. कारण क्लॅरिनेटचा स्वर चढला तरी त्याची नळी तेवढीच राहते आणि वाजवणाऱ्याचं तोंडही तेवढंच राहतं. त्या नळीचा, त्या तोंडाच्या पोकळीचा घुमारा आपल्या जागी पक्का असतो. संगणक ओढतो तेव्हा स्वराबरोबर घुमाराही वर सरकतो, जणू लाकूड आखडलं आणि वाजवणारा माणूस लहान मुलाएवढा झाला. घुमारा परत खाली बसवणारे प्रोग्रॅम होते. अंदाजाने नवा स्वर घडवणारेही होते. हॉस्पिटलने ते सगळे करून पाहिले. ऐकणाऱ्याचा कान फसायचा. पेशी फसत नव्हत्या.

आणि पेशींची मागणी चढत जायची. आजार जसा वाढेल तसा लागणारा स्वर वर सरकायचा. भरतला दोन महिन्यांनी एक पट्टी. काळी चार झाली, पांढरी सहा झाली, आणि आज त्याचा मेंदू काळी पाच मागत होता. रेकॉर्डिंग पांढरी पाचलाच संपलं होतं. त्यावरचा स्वर चकती ओढून देत होती, आणि किती पट्ट्या ओढला तो मोबाइलवरचा आकडा.

त्याच दुपारी तेजश्री हॉस्पिटलात भरतवर उपचार करणाऱ्या डॉ. सौदागर मॅडमच्या खोलीत जाऊन बसली. ती याच हॉस्पिटलच्या नादविभागात कामाला होती. भरतच्या आजारपणानंतरच तिने स्टुडिओचं काम सोडून ही नोकरी धरली होती. मॅडमनी आधीच चौकशी करून ठेवली होती. सिद्राम ऐवळे हयात होते, शहात्तर वर्षांचे. पण क्लॅरिनेट धरताना वरचे दोन पुढचे दात तोंडीवर टेकवावे लागतात आणि त्यांचे तेच दोन दात हलत होते. दातांच्या डॉक्टरांनी ते मागून तारेने बांधले होते, तरी जोर लावून फार तर दीड तास वाजवता येईल, असं त्यांचं मत होतं. कवळी बसवली तर ओठांचा दाब बदलणार, म्हणजे आवाज बदलणार. एका स्वराच्या हळू, मध्यम, मोठ्या मिळून आठ स्वच्छ फुंकरी लागत. दीड तासात दोन स्वर जेमतेम निघाले असते.

"दोन पुरतील," तेजश्री म्हणाली. "पुढची पांढरी सात घेतली तर खाली-वर ओढून आठ महिने निघतील."

मॅडमनी स्वरांची यादी तिच्यापुढे सरकवली. मग त्यांनी सांगितलं की हा नाद आणखी एका रुग्णाला जुळतो. संगमित्रा कांबळे, सत्तावीस वर्षांची, कुरुंदवाडची, एसटीत कंडक्टर होती. तिचा आजार वेगाने जातो, महिन्याला एक पट्टी. रेकॉर्डिंग तिला केव्हाच अपुरं पडलं होतं आणि गेले सहा महिने ती पूर्ण खिळून वॉर्डात पडली होती, नाकात नळी घालून. तिला आता वरच्या सप्तकातली काळी दोन लागत होती. हॉस्पिटलच्या समितीने ठरवलं होतं: आधी संगमित्राचा स्वर, मग दात राहिले तर भरतचा. नवीन औषधाच्या चाचण्या सुरू होत्या. तोवर दोघांनाही कसंबसं तगवायचं होतं.

हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं का, असं मॅडमनी तिला सरळ विचारलं. जुनं रेकॉर्डिंग कुठल्या माइकवर, किती अंतरावरून केलं, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तेजश्री म्हणाली, मीच करते. यादीप्रमाणे करीन, असंही म्हणाली.

मालगावला ती एकटीच गेली. सिद्रामआप्पांनी तिला ओळखलं नाही, पण कोल्हापूरचा स्टुडिओ म्हटल्यावर त्यांना आठवलं. त्यांची मुलगी कमल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. याच दोन दातांवर त्यांचं खाणं चाललंय, ते गेले तर भाकरी कुस्करून द्यावी लागेल, असं ती म्हणाली. आप्पांनी हाताने तिला थांबवलं.

"ताई, माझ्या वाजवण्यावर लोक नाचत आल्यात आजवर," ते म्हणाले. "चालत्यात म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. किती सूर पायजेत?"

तिने सांगितलं, दोन. कुणासाठी ते सांगितलं नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी भरत तीनदा खिळला होता. तिसऱ्या वेळी चोवीस मिनिटं. शेजारच्या वहिनींना त्याच्याजवळ बसवून ती हॉस्पिटलच्या ध्वनिबंद खोलीत आली, माइक मोजून लावला आणि आप्पांना खुर्चीत बसवलं. आप्पांनी तोंडीची पत्ती जिभेवर ओली केली, तारेने बांधलेले दात तोंडीवर अलगद टेकवून पाहिले.

"आधी वरचा म्हणाला होता नव्हं? ताकद हाय तवर त्योच घिऊ."

तेजश्रीच्या हातात यादी होती. पहिल्या ओळीत काळी दोन.

"आधी पांढरी सात घेऊ," ती म्हणाली. "ओठ गरम होतील."

त्यात थोडं खरंही होतं; वरच्या स्वराआधी वादक खालचा घेतात. पण ओठ गरम करायला एक फुंकर पुरते. तिने आठच्या आठ घेतल्या. सहावीत शेवटाला श्वास थरथरला तेव्हा ती पुन्हा घ्यायला लावली. आप्पांनी कुरकुर केली नाही. बावीस वर्षांपूर्वी पुरे म्हटल्यावर थांबले होते तसे ते आता पुन्हा म्हटल्यावर वाजवत होते. पांढरी सात पूर्ण झाली तेव्हा एक तास पाच मिनिटं झाली होती आणि त्यांच्या हनुवटीवर लाल ओघळ आला होता.

मग काळी दोन. पहिली फुंकर हळू, साडेसहा सेकंद. दुसरी हळू, सात सेकंद. तिसऱ्या फुंकरीला स्वर मध्येच फाटला. आप्पांनी वाद्य खाली घेतलं, तोंडात बोट घातलं आणि तार अन् एक दात तळहातावर काढून बघितला.

"झालं ताई," ते म्हणाले. "दुसरा काढू, का त्यो असाच पडंल?"

खाली बसून तिने त्यांना पाणी दिलं, कापूस दिला. तिच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती: पांढरी सात हाती आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कामाच्या टेबलावर बसून ती चोरी पुरी केली. दोन हळू फुंकरींवर पूर्ण स्वर उभा राहत नव्हता. आणि त्या दाखवल्या असत्या तर फाइलवरच्या वेळा दिसल्या असत्या, कुठला स्वर आधी घेतला ते कळलं असतं. तिने पांढरी सातच्या आठ फुंकरी चार पट्ट्या ओढल्या. घुमारा प्रोग्रॅमने खाली बसवला. सुरुवातीला थोडी हवा मिसळली. वीस वर्षांचं सगळं कसब तिने त्यात ओतलं. मग ऐकलं. ऐकायला तो स्वर अगदी सिद्राम ऐवळ्यांचा वाटत होता. तिने त्यावर 'काळी दोन, मूळ' असं नाव टाकलं आणि दोन खऱ्या फुंकरींची मूळ फाइल बंद कप्प्यात ठेवली.

भरतच्या चकतीत त्याच संध्याकाळी पांढरी सात गेली. आकडा एकवर आला. तो उठला, मोरीपर्यंत गेला, तोंड धुतलं, परत आला आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं. चार दिवसांनी तो जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. तेजश्री गॅलरीतून त्याची पावलं मोजत होती.

तो ओढलेला स्वर चकतीत गेल्यावर पहिल्या दिवशी संगमित्राच्या डाव्या हाताचं बोट हलल्यासारखं वाटलं. छायाबाई, तिची आई, वॉर्डातल्या सगळ्यांना ते सांगत होत्या. पुढे काहीच झालं नाही. सौदागर मॅडमनी चकतीचा आवाज वाढवला, जागा बदलली, दोनदा आलेख काढला. स्वर योग्य होता. पेशी ढिम्म होत्या. आजार नादाच्या पलीकडे गेला असावा, असं मॅडम म्हणू लागल्या. तसं ठरलं असतं तर चकती काढून टाकायची होती.

छायाबाई एकदा तेजश्रीला जिन्यात भेटल्या. तिच्यामुळे निदान प्रयत्न तरी झाला, असं म्हणून त्यांनी तिचा हात हातात घेतला. पोरगी सात महिन्यांत बोलली नाही, पण मी रोज तिला गाड्यांच्या वेळा वाचून दाखवते, तिला आवडतात, असं त्या सांगत होत्या. तेजश्रीने हात सोडवून घेतला नाही. त्या सांगून संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. बाविसाव्या दिवशी सकाळी भरतने आपल्या रिवाइंडिंगच्या दुकानात पुन्हा जायची गोष्ट काढली आणि एक मोटार बांधून पाहतो म्हणाला, तेव्हा ती ओट्याला पाठ लावून खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. यादी, आठ फुंकरी, दात, ओढलेला स्वर. तुमचा घास मी बोटाने काढत होते, मला दुसरं काही दिसत नव्हतं, असंही म्हणाली.

भरतने त्या दोन फुंकरी अजून आहेत का, एवढंच विचारलं. आहेत, ती म्हणाली.

"त्यांचा काही उपयोग होईल?"

"माहीत नाही. हळू आहेत. जोडून जोडून थोडा वेळ चालतील कदाचित. पण आता तिची पट्टीही चढली असेल."

त्याने खुंटीवरचा शर्ट घेतला. तुम्ही कुठे निघालात, असं तिने विचारलं.

"हॉस्पिटलात. तू येणार असलीस तर ये. नाहीतर मी सांगतो. चालता येतंय तोवर."

ते दोघं चालतच गेले. सौदागर मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं, मूळ फाइल उघडायला लावली आणि वेळा स्वतः तपासल्या. त्या तेजश्रीवर चिडल्या नाहीत. तिच्याकडे बघणंच त्यांनी बंद केलं. काम तिथेच बसून करायचं, असं त्या म्हणाल्या. तेजश्रीने दोन फुंकरींचे मधले स्थिर तुकडे काढले, एकमेकांत गुंफले आणि एक पट्टी ओढले. तेवढंच, त्याहून जास्त नाही. स्वर दुबळा होता. पण लाकूड लाकडाएवढं होतं आणि माणूस माणसाएवढा.

दुपारी सव्वातीनला तो संगमित्राच्या चकतीत गेला. चार मिनिटांनी तिने पापण्या मिटल्या आणि उघडल्या. नर्सने चमच्याने पाणी घातलं, ते तिने गिळलं. मग ओठ हलले आणि छायाबाईंनी कान जवळ नेला. तिला उशी उंच हवी होती. नवव्या मिनिटाला ती पुन्हा खिळली.

छायाबाईंना मॅडमनी तिथेच, तेजश्रीसमोर, खरं काय ते सांगितलं. त्या हातातला टॉवेल घडी घालत होत्या.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"बावीस," तेजश्री म्हणाली.

त्यांनी टॉवेलची घडी पुरी केली, कपाटात ठेवली आणि लेकीची उशी उंच केली. तेजश्रीशी त्या त्यानंतर बरेच आठवडे बोलल्या नाहीत.

तिला नोकरीवरून काढलं आणि चौकशी बसली. चौकशीत तिने काही लपवलं नाही, त्यामुळे ती लवकर संपली. भरतची चकती काढून घ्यावी का, असाही प्रश्न समितीत निघाला होता. त्याने कुणाचं भलं होणार नव्हतं, म्हणून तो सोडून दिला. सिद्रामआप्पांनी कवळी बसवून दोनदा वाजवून दिलं. आलेखावर ते वेगळ्याच माणसाचं निघालं. अंदाजाने स्वर घडवणाऱ्यांनाही त्या दोन फुंकरींवरून वरचा स्वर साधला नाही. दहा मिनिटं सकाळी आणि दहा संध्याकाळी, असं संगमित्राचं बोलणं नऊ आठवडे चाललं. मग तिची पट्टी पुन्हा चढली आणि दहाची चार मिनिटं झाली.

त्याच आठवड्यात छायाबाईंचा फोन आला. तुम्हा दोघांना तिने बोलावलंय, एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला.

संगमित्राला चाकांच्या खुर्चीत बसवून वॉर्डापुढच्या लांब व्हरांड्यात आणलं होतं. चकती अजून सुरू केली नव्हती. तेजश्रीने मनात माफीचे शब्द जुळवले होते. चकती सुरू झाल्यावर संगमित्राने तिला हाताने थांबवलं. मिनिटं मोजकी होती.

"तुमचे मिस्टर अजून किती महिने चालतील?" तिने विचारलं. आवाज बारीक होता, पण कंडक्टरचा होता, शब्द तोडून उच्चारणारा.

"चार-पाच," तेजश्री म्हणाली.

"मी आठ-आठ तास उभी असायचे गाडीत. मागून पुढे, पुढून मागे." ती श्वासाला थांबली. "त्या आवाजावर कुणी चालताना मी बघितलं नाही. त्यांना चालू दे माझ्यासमोर. माफी नका मागू, वेळ जातो."

भरतने चपला काढून बाजूला ठेवल्या. तो व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. पहिल्या दोन फेऱ्यांत तिची मान त्याच्यामागे वळत होती. तिसऱ्या फेरीत ती काहीतरी बोलली, ते छायाबाईंनाच ऐकू गेलं. चौथ्या फेरीला भरत तिच्या समोरून पुढे गेला आणि तिची नजर तिथेच राहिली, समोरच्या खांबावर.

त्याने वळून ते पाहिलं आणि त्याचं पाऊल अडखळलं. तेजश्रीने संगमित्राच्या चकतीच्या आकड्याकडे पाहिलं. तीन होता. आता तो खाली येणार नव्हता.

मग छायाबाई खुर्चीमागे गेल्या आणि त्यांनी ती हळूच फिरवली, खांब बाजूला होऊन अख्खा व्हरांडा लेकीच्या डोळ्यांसमोर येईल अशी. भरत समोरच्या टोकाकडून तिच्या दिशेने चालत निघाला.